टकटक थांबली : मायनरच्या पेट्रोल पंपाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. एकदा नाही, तीनदा. दुपारचे पावणेदोन, ऊन टळटळीत, मागे ट्रकची रांग. पुतण्या सोबत होता म्हणून निभावलं. त्याने चाकाला दगड लावला, मी बॉनेट उघडलं.

गाडी १९५० ची मॉरिस मायनर, सिरीज एमएम. ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, ताकद साडेसत्तावीस अश्वशक्ती. या इंजिनाला पाण्याचा पंप नाही. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, रेडिएटरमधून निवून खाली उतरतं, तेवढ्यावर इंजिन थंड राहतं. त्यामुळे उन्हात घाट चढताना बंद पडली की पहिला संशय उष्णतेवर जातो. माझाही तिथेच गेला. पेट्रोल पाइपातच उकळून वाफ अडली असणार, असं धरलं. पाइपावर आणि पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबलो. गाडी लागली. दोन वळणं चढली आणि आचके देत पुन्हा बंद.

दुसऱ्या वेळी पुतण्या म्हणाला, "काका, चावी फिरवली की ती टकटक यायची ना, ती येत नाहीये."

बरोबर होतं त्याचं. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. एसयू कंपनीचा, एल टाइप, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर बसवलेला. चावी दिली की आधी भराभर टकटक ऐकू येते, कार्बोरेटरची वाटी भरत आली की संथ होते, भरली की थांबते. मग सेल्फ मारायचा. सहा वर्षं हा आवाज ऐकतोय, आणि आज तो येत नाहीये हे माझ्याआधी पोराच्या लक्षात आलं.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा पान्याच्या दांड्याने पंपाच्या बॉडीवर हलकेच ठोकलं. टक. मग टकटकटकटक. घाटमाथ्यापर्यंत आलो, पुढे उतार आणि सपाट रस्ता, घरापर्यंत काही झालं नाही.

रात्री लिहून ठेवतोय ते एवढ्यासाठी की उद्या डोकं भलतीकडे जाऊ नये. ठोकल्यावर चालू झाला, म्हणजे वाफेचा प्रश्न नाही. वाफ ठोकून जात नाही. काहीतरी अडकतंय, नाहीतर कुठेतरी करंट तुटतोय.


१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. सकाळीच गाडीला लागलो.

चावी ऑन, पंप गप्प. पंपाच्या टर्मिनलवर पांढरी वायर येते. मीटर लावला : १२.३ व्होल्ट. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला आहे, त्यामुळे लाल प्रोब बॉडीला आणि काळी टर्मिनलला. ज्याला सवय नाही त्याचा इथे हमखास घोटाळा होतो.

१२.३ बघून वाटलं, सप्लाय चोख आहे, दोष पंपाच्या पोटात. पंप उतरवायला पानाही हातात घेतला होता. मग थांबलो. माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की लोड नसताना घेतलेल्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका. पंपाचे पॉइंट, म्हणजे आतले करंट जोडणारे-तोडणारे दोन बिंदू, करंट सोडत नसतील तर वायरमधून काहीच वाहत नाही, आणि काहीच वाहत नसेल तर गंजलेला सांधासुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. केसाएवढी तार शिल्लक असली तरी मीटरला १२ च दिसणार.

म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला. एक टोक पंपाच्या टर्मिनलला, दुसरं पंपाच्याच बॉडीला. चावी ऑन. बल्ब लागला, पण पिवळट, मलूल. बल्बवरच मीटर धरला : ९.१.

तीन व्होल्ट वाटेत जात होते. बल्ब तसाच जळता ठेवून एकेका सांध्याच्या दोन्ही अंगांना मीटर लावत गेलो. फ्यूजच्या डबीतला ए-३ चा स्क्रू : २.४ व्होल्ट तिथेच. खोलून बघितला तर वायरच्या टोकाला हिरवी बुरशी आणि स्क्रू अर्धा आटा सैल. पंपाची बॉडी ते गाडीची बॉडी : ०.५. याचं कारण मीच आहे. तीन वर्षांपूर्वी इंजिनाची बाजू रंगवून घेतली तेव्हा पंपाच्या ब्रॅकेटखालचा रंग खरवडायचा राहिला, आणि अर्थच्या (गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या) वायरचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, रंगावरच आवळला गेला. उरलेले ०.३ व्होल्ट स्विच आणि वायरिंगमध्ये थोडे थोडे. ते सोडून दिले.

स्क्रू साफ केला, वायरचं टोक कापून नवा लग दाबला, अर्थखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत काढला. बल्ब पुन्हा लावला : ११.८. पांढरा, खणखणीत उजेड.

पंप मात्र गप्पच. ठोकलं की चालतो, मिनिटभराने थांबतो. म्हणजे दोष दोन आहेत. एक सापडला. मीटरच्या पहिल्या आकड्यावर विसंबून सरळ पंप बदलला असता तर हा सैल स्क्रू तसाच राहिला असता आणि त्याने नव्या पंपाचीही वाट लावली असती.

जुन्या पुस्तकांत सप्लाय तपासायला वायर काढून बॉडीला टेकवा आणि ठिणगी बघा असं लिहिलेलं असतं. पेट्रोलच्या पाइपाशेजारी ते करू नये. बल्ब पुरतो, आणि जास्त सांगतो.


२० एप्रिल, रविवार

बॅटरी काढली, पंप उतरवला, दुकानाच्या टेबलावर घेतला.

आधी काळी बेकलाइटची टोपी काढली. पॉइंट दिसले. वरच्या पातीच्या पॉइंटवर मधोमध खड्डा, खालच्यावर त्याच मापाचा उंचवटा, दोन्ही काळेनिळे. जुन्या कॉन्टॅक्टरमध्ये (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) असेच पॉइंट रोज बघतो. कॉइलचा रोध मोजला, साडेतीन ओहमच्या आसपास. कॉइल तुटलेली नाही, बॉडीला शॉर्टही नाही. पंचाहत्तर वर्षांची वाइंडिंग आहे ती. भरणाऱ्याने मनापासून भरली होती.

हा पंप चालतो कसा ते पुतण्याला समजावलं, तेच इथे लिहितो. कॉइलमध्ये करंट आला की ती लोखंडी आर्मेचर खेचते. आर्मेचरला डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, जोडलेला, तो मागे येतो आणि टाकीकडून पेट्रोल ओढतो. आर्मेचर शेवटाला पोचलं की त्याच्या दांड्याला जोडलेला रॉकर (छोटी झुलती पट्टी) उलटतो, खटकन पॉइंट उघडतात, करंट जातो. आता स्प्रिंग डायफ्रॅमला पुढे ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं. स्प्रिंग शेवटाला पोचली की रॉकर परत उलटतो, पॉइंट जुळतात. एक टक म्हणजे असा एक फेरा. वाटी भरून तिचं तोंड बंद करणारी सुई बसली की पेट्रोलला जायला जागा नाही, स्प्रिंग तिथेच अडते, पॉइंट उघडे राहतात, पंप शांत बसतो. वाटीत जागा झाली की आपोआप पुन्हा एक टक. इंजिनाला हवं तेवढंच पेट्रोल, त्याच्याच मागणीवर, आणि त्यासाठी वेगळं काही कंट्रोल लागत नाही. विजेच्या धंद्यात इतकी साधी आणि इतकी पुरी वस्तू मी फार कमी पाहिली आहे.

मग सहा स्क्रू काढून मॅग्नेट (कॉइलचा भाग) आणि बॉडी वेगळी केली. आर्मेचर मधोमध राहावं म्हणून भोवती अकरा पितळी रोलर असतात, प्रत्येक मुगाच्या डाळीपेक्षा जरासा मोठा. खाली ताट ठेवलं होतं तरी एक उडाला. दहाच सापडले. पुतण्या लोहचुंबक घेऊन फरशीवर फिरवायला लागला, पण पितळ चुंबकाला चिकटत नाही. शेवटी दुकानाचं शटर ओढून अंधार केला आणि टॉर्च फरशीवर आडवा ठेवला. उजेड जमिनीलगत गेला की चिमूटभर धुळीचीही लांबलचक सावली पडते. अशा एका सावलीच्या टोकाला, ड्रिल मशिनच्या पायाशी, अकरावा रोलर सापडला. वीस मिनिटं गेली.

डायफ्रॅम कडक झालाय, वाळलेल्या चामड्यासारखा. बोटाने वाकवला की करकरतो. खालच्या गाळणीवर तपकिरी चिकट थर, आणि बॉडीच्या कोपऱ्यात पांढरी पूड, म्हणजे आत पाणी साचत होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवतं. माझी गाडी पावसाळ्याचे चार महिने जवळपास उभीच असते. पाणी कुठून आलं हे वेगळं शोधायला नको.

माझा अंदाज असा : डायफ्रॅम कडक, त्यात व्होल्टेज तीनने कमी, म्हणून आर्मेचर रॉकर उलटण्याच्या जागेपाशी रेंगाळत असणार. पॉइंट धड दाबलेले नाहीत, धड उघडलेले नाहीत, आणि त्या अवस्थेत जळत राहिले. कमी व्होल्टेजवर कॉन्टॅक्टरचंही हेच होतं. घाटातच का? सपाटीवर ही गाडी पेट्रोल इतकं कमी मागते की पंप अर्धमेला असला तरी कळत नाही. चढावर मागणी वाढली आणि तो उघडा पडला.


२६ एप्रिल, शनिवार

पॉइंटचा सेट, डायफ्रॅम, व्हॉल्व्हच्या चकत्या आणि गॅस्केट इंग्लंडहून मागवलं. डायफ्रॅम इथेनॉल सोसणारा आहे ना, हे आधी विचारून घेतलं.

आमचे मिस्त्री चहाला आले होते. टेबलावरचा पसारा बघून म्हणाले, "आवो, कशाला एवढा कुटाणा? हजार-बाराशेत नवा विजेचा पंप बसवून देतो, संध्याकाळपर्यंत गाडी दारात."

त्यांचा हेतू चांगला, आणि त्यांच्या हाताला मी मानतो. पण ते पटलं नाही. एक तर बाजारातल्या त्या चौकोनी पंपांत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि बहुतेक निगेटिव्ह अर्थसाठी असतात. माझ्या गाडीत बॉडी पॉझिटिव्ह. बॉडीपासून वेगळा ठेवून उलटी जोडणी करता येते, पण पुढे कधीतरी दुसऱ्या कुणाचा हात लागला की सर्किट जळालंच. दुसरं, त्यांचा दाब जास्त. या पंपाचा दाब मुळातच अगदी कमी असतो आणि कार्बोरेटरची सुई त्याच दाबाला धरून केलेली आहे. जास्त दाबाने सुई उचलली जाते, वाटी ओसंडते आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. असा प्रकार मी एका जुन्या गाडीत डोळ्यांनी पाहिला आहे. आग लागली नाही, पण वास अजून नाकात आहे.

मिस्त्री सगळं ऐकून म्हणाले, "मग तुम्हीच करा, पण सेटिंग करताना मला बोलवा. मलाबी बघायचंय."


१ मे, गुरुवार

पार्सल अजून वाटेत आहे. मधल्या दिवसांत गाडी पुसून काढली. बॉनेटवरून फडकं फिरवताना मधल्या सपाट पट्टीशी हात दरवेळी रेंगाळतो. या गाडीचा रचनाकार अलेक इसिगोनिस. त्याने ही गाडी काढली तेव्हा नमुना तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटली. मग नमुना लांबीच्या रेषेत मधोमध कापून दोन अर्धे एकमेकांपासून सरकवत बघितले आणि चार इंच रुंदी वाढवली. ती पट्टी त्याच चार इंचांची. १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्टला गाडी लोकांसमोर आली. तोवर सगळं ठरलेलं असतानाही ज्याने एवढी मोडतोड केली, त्याच्या गाडीत मिळेल तो पंप अडकवून द्यायला मन घेत नाही.

दुसरं एक काम झालं. टाकी रिकामी केली. पाच गॅलनची टाकी, तळाशी वाटीभर पाणी आणि गंजाचा चिखल निघाला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तपासलं, मोकळं आहे. ते बुजलं तरी पंप ओढून ओढून थकतो आणि लक्षणं अशीच दिसतात, म्हणून बघायलाच हवं होतं.


१७ मे, शनिवार

सामान आलं. मिस्त्रींना निरोप दिला, ते बरोबर चारला हजर.

सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले. बॉडीतली पांढरी पूड पितळी ब्रशने काढली. व्हॉल्व्हच्या चकत्या गुळगुळीत बाजू खाली करून बसवल्या. नवे पॉइंट लावले. जुने पॉलिश पेपरने घासून वापरायचे नाहीत, हे पुतण्याला बजावलं. पेपरचे कण पॉइंटमध्ये रुततात आणि तिथेच पुन्हा जळतं. रस्त्यात अडलात तर कोरा जाड कागद पॉइंटमध्ये धरून ओढा, घरापर्यंत पोचाल.

मग खरं काम, डायफ्रॅमचं सेटिंग. आर्मेचरचा दांडा आत आट्यात फिरवत न्यायचा आणि अकरा रोलर भोवती बसवायचे. पॉइंटची पात बाजूला वळवून ठेवायची. मॅग्नेट डाव्या हातात आडवं धरायचं आणि उजव्या अंगठ्याने आर्मेचर सावकाश, एकसारखं दाबायचं. रॉकर उलटला तर दांडा आणखी आत फिरवायचा, उलटणं बंद होईपर्यंत. मग एकेक भोक मागे. बॉडीला सहा भोकं आहेत, म्हणजे एक भोक म्हणजे सहावा हिस्सा फेरा. जिथे रॉकर जेमतेम उलटतो ती जागा सापडली की तिथून आणखी चार भोकं मागे. झालं सेटिंग.

लिहायला चार ओळी, करायला दीड तास. नवा डायफ्रॅम ताठ असतो, अंगठा थरथरतो, आणि जरा झटका बसला की रॉकर उगाच उलटून खोटी जागा दाखवतो. माझ्याकडून दोनदा चुकलं. तिसऱ्या वेळी मिस्त्री म्हणाले, "द्या इकडं, तुम्ही घाई करताय." त्यांनी आर्मेचर दाबलं ते असं, की अंगठा हलतोय हे दिसत नव्हतं. दाबत राहिले, दाबत राहिले, आणि आतून अगदी बारीक 'खट' आला. एक भोक पुढे नेलं, खट नाही. परत मागे, खट. "हीच," म्हणाले. चाळीस वर्षं टॅपेट सेट केलेला अंगठा आहे तो. तिथून चार भोकं मागे घेतली आणि बॉडीवर पेन्सिलने खूण केली.

शेवटचे सहा स्क्रू आवळायच्या आधी डायफ्रॅम ताणलेला हवा. रॉकरमागे आगकाडी अडकवून पॉइंट जुळलेले ठेवले, बॅटरीचा करंट दिला, आर्मेचर आत खेचलं गेलं, आणि त्या अवस्थेत समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत आणले. डायफ्रॅमला सोल्युशन किंवा गॅस्केट शेलॅक काही लावलं नाही, लावायचं नसतं.


१८ मे, रविवार

टेबलावर चाचणी, रॉकेलवर. दुकानात पेट्रोल उघडं ठेवत नाही. खाली बादली, वर पंप, मध्ये हातभर उंची. करंट दिला. तीन-चार कोरडे ठोके, मग ओला, भरीव आवाज. फरक कानाला लगेच कळतो.

एका मिनिटात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रॉकेल मापात पडलं. तासाला तीस लिटर धरा. गाडी लिटरला बारा किलोमीटर देते, पन्नासच्या वेगाने तासाला चार-सव्वाचार लिटर लागतात. सातपट शिल्लक आहे.

बाहेरची नळी अंगठ्याने दाबून धरली. पंप थांबला आणि थांबलेला राहिला. व्हॉल्व्ह गळत असते तर दर काही सेकंदांनी उगाच एक टक आला असता.

संध्याकाळी गाडीत बसवला. ब्रॅकेटखाली उघडा पत्रा, अर्थचा लग स्वच्छ, दोन्हीवर व्हॅसलीन. चावी ऑन.

टकटकटकटकटकटक, आणि थांबेचना.


१९ मे, सोमवार

रात्रभर डोक्यात तेच. वेगाने चालतो आणि थांबत नाही, याचा अर्थ पेट्रोलबरोबर हवा ओढतोय. टेबलावर चोख होता, म्हणजे हवा पंपाच्या मागून, टाकीकडून येतेय. टाकी गाडीच्या पार मागे, पंप पुढे, मधला सगळा पाइप ओढण्याच्या बाजूला. ढकलण्याच्या बाजूला गळती असेल तर पेट्रोल ठिबकतं, दिसतं. ओढण्याच्या बाजूची गळती दिसत नाही, तिथे फक्त हवा आत जाते.

पंपाची पुढची नळी काचेच्या बरणीत सोडली, टोक पेट्रोलात बुडालेलं ठेवून. बुडबुडे, अखंड. मग मागून पुढे एकेक सांधा. टाकीजवळ आधीच्या कुणीतरी पितळी पाइप कापून वीतभर रबरी नळी जोडली होती. वरून ठीक दिसत होती. क्लिप काढून वाकवली तर आतून मऊ, फुगलेली, आणि क्लिपच्या कडेला उभी चीर. साध्या रबराचं हे पेट्रोल असंच करतं. तिथे एसएई जे-३० आर-९ या इंधनाच्या नळीच्या दर्जाची नळी घातली, दोन नव्या क्लिप.

बरणीत पुन्हा नळी. चार बुडबुडे आले, मग नुसती धार.

कार्बोरेटरला जोडून चावी दिली. नऊ ठोके मोजले. दहावा आला नाही.


१५ जून, रविवार

मे संपायच्या आधीच पावसाने असं झोडपलं की घाटाची फेरी लांबत गेली. आज सकाळी उघडीप होती. मी, पुतण्या आणि मिस्त्री, तिघे निघालो. बोगद्यातून पलीकडे घाटाखालच्या खंडाळ्याला (लोणावळ्याजवळचं नव्हे) उतरलो, चहा घेतला आणि घाटाने परत चढायला घेतलं. दुसऱ्या गिअरवर, ट्रकच्या मागे, जशी त्या दिवशी होती तशी. पंपाच्या टर्मिनलला वायर लावून मीटर पुतण्याच्या मांडीवर दिला होता. डायनॅमो चार्ज करत होता, तेरा-साडेतेराच्या मध्ये काटा हलत राहिला.

एप्रिलमध्ये जिथे दगड लावला होता त्या वळणापुढे कडेला जागा आहे. तिथे मुद्दाम गाडी थांबवून इंजिन बंद केलं. दहा मिनिटं तापू दिलं. बॉनेटमधून वाफेसारखी गरम हवा वर येत होती, समोरचा डोंगर ओला हिरवा. मिस्त्रींनी हात वर करून गप्प राहायला सांगितलं. मी चावी फिरवली.

टक, टक, टक. मग शांत. मिस्त्री म्हणाले, "मारा सेल्फ."